तलावप्रदेशातील मृदा संधारण
वाहत्या पाण्याने व वाऱ्याने होणारी मातीची धूप, तिच्यातील सेंद्रिय द्रव्यांचा व अन्नद्रव्यांचा ऱ्हास आणि पाणी धरून ठेवण्याच्या शक्तीची घट या क्रियांना एकत्रितपणे मृदा-अवनती असे म्हणतात. या क्रिया थोपविण्यासाठी व जमिनीची उत्पादकता पिढ्यानपिढ्या टिकविण्यासाठी जे उपाय योजले जातात, त्यांचा समावेश मृदा संधारणात होतो. महाराष्ट्रात या विषयाचा विचार प्रामुख्याने दख्खनच्या अवर्षणप्रवण पट्ट्याच्या संदर्भात झाला आहे. तथापि राज्याच्या पूर्व टोकास, वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत आणि नागपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात, माती व पाणी एकाच बांधाने राखण्याची एक जुनी पद्धती आढळते. तलाव हे तिचे केंद्र होय. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हा शासकीय तलाव या परंपरेच्या उत्तरकाळातील आहे. या तलावांचा इतिहास हा बांध कोणी बांधले याबरोबरच ते कोणी राखले, याचाही इतिहास आहे.

भूमी व मृदा : या प्रदेशात वार्षिक पर्जन्य साधारणपणे १,२०० ते १,५०० मिमी. असून रूढ अर्थाने तो कोरडा प्रदेश नव्हे. परंतु जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो व उरलेले आठ महिने बहुतांशी कोरडे जातात. पावसाळ्यातही दोन-तीन आठवड्यांचा खंड पडणे हे नेहमीचे असून असा खंड धानाच्या फुलोऱ्याच्या वेळी पडल्यास पीक हातचे जाते. भूभाग कठीण स्फटिकी व रूपांतरित खडकांचा आहे. अशा खडकात भूजलाचा साठा मर्यादित राहत असल्याने विहिरीच्या सिंचनास फारसा वाव मिळाला नाही. खडकावरील मातीचा थर पुष्कळ ठिकाणी उथळ आहे. शेतकरी जमिनीचे वर्गीकरण तिच्या गुणांवरून करीत आले आहेत. खोलगट भागातील काळी चिकण कन्हार, तिच्याखालोखाल कसदार असलेली व चुनखडीचे खडे आढळणारी मोरांड, धानाला मानवणारी पिवळसर रेताड सिहार, उथळ व हलकी खर्डी आणि चढावरची मुरमाड बर्डी हे त्यांतील प्रमुख प्रकार होत. यांतील चढावरच्या हलक्या जमिनी वनाच्छादन गेल्याबरोबर धुपू लागतात. पाण्याचा अभाव व मातीची धूप हे दोन्ही प्रश्न येथे एकाच उतारावर उद्‍भवतात. म्हणून त्यांवरील उत्तरही एकच शोधले गेले.

तलावपद्धतीचा उगम : या प्रदेशातील जुन्या तलावांची उभारणी मुख्यतः गोंड राजांच्या काळात झाली व पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीतही ती चालू राहिली. जो जंगल तोडून तलाव बांधील, त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजणारी जमीन इनाम द्यावी, असा चांद्याच्या गोंड राजांचा प्रघात होता, अशी परंपरा सांगितली जाते. या कामात कोहळी समाजाचा वाटा मोठा होता. रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथातही (१९१६) या समाजाच्या तलावबांधणीतील कौशल्याची नोंद आहे. कोहळी शेतकरी तलावाखाली धानाबरोबर ऊसही पिकवीत. सात टेकड्यांमधील खिंडी बांधून केलेला नवेगाव बांध हा त्यांच्या कामाचा सर्वांत विख्यात नमुना असून तो कोलू पाटील कोहळी याने बांधल्याचे मानले जाते. पोवार, कुणबी, गोंड इ. समाजांनीही लहानमोठे तलाव व बोड्या बांधल्या आणि तलावांतील मासेमारी प्रामुख्याने धीवर समाजाकडे राहिली.

रचना व कार्य : दोन टेकड्यांमधील किंवा उंचवट्यांमधील सखल जागी मातीची पाळ घालून तलाव केला जाई. पाळीत पाणी सोडण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची मोरी असे, तिला तुडूम म्हणतात. पाण्याची पातळी उतरेल तसतशी एकेका पायरीवरची भोके उघडली जात. जादा पाण्यासाठी पाळीच्या एका टोकास सांडवा ठेवीत. एका तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात किंवा बोडीत जाई व अशा रीतीने एका ओढ्यावर तलावांची साखळी तयार होई. तलावाखालील शेतांना बांधी म्हणतात. प्रत्येक बांधी सपाट केलेली व चारही बाजूंनी धुऱ्याने वेढलेली असते. त्यामुळे उतारावरून येणारे पाणी एका बांधीतून दुसरीत सावकाश उतरते व सोबतची माती तेथेच सोडते.

मृदा संधारणाच्या दृष्टीने या रचनेत तीन टप्पे दिसतात. माथ्यावरील वनामुळे पावसाच्या थेंबांचा मारा सौम्य होई व पालापाचोळ्यातून पाणी मुरे. हा पहिला टप्पा. त्यातूनही वाहून आलेली बारीक माती तलावात साचे, हा दुसरा. पाळीखालच्या बांध्यांत उरलेला गाळ अडे, हा तिसरा. उन्हाळ्यात तलाव आटला की त्यातील गाळ बैलगाड्यांनी शेतात नेऊन पसरीत. गाळात चिकणमाती व कुजलेला वनस्पतिजन्य अंश अधिक असल्याने हलक्या जमिनीची जलधारणशक्ती व कस सुधारे. उतारावरून निसटलेली माती अशा प्रकारे काही अंशी शेताकडे परत येई. गाळ उपसल्याने तलावाची साठवणक्षमताही टिकून राही. धान कापणीपूर्वी ओल्या बांधीत लाखोळी, जवस इ. पिकांचे बी नांगरट न करता फेकून पेरण्याची उतेरा पद्धतीही याच व्यवस्थेचा भाग होती. तीमुळे उरलेली ओल कामी येई, जमीन उघडी पडत नसे आणि लाखोळीसारख्या शेंगावर्गीय पिकामुळे मातीतील नत्राचे प्रमाण वाढण्यास मदत होई.

मालगुजारी काळ : १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. त्यानंतरच्या जमाबंदीत गावाचा महसूल गोळा करणाऱ्या पाटलांना व ठेकेदारांना गावावर मालकी हक्क देण्यात आले. हे मालक मालगुजार या नावाने ओळखले जात व त्यांच्या ताब्यातील तलावांना मालगुजारी तलाव, संक्षेपाने मामा तलाव, असे नाव पडले. गावातील वहिवाटी, पाण्याचे वाटप, चराई, जळण व अन्य निस्तार-हक्क यांची नोंद ‘वाजिब-उल-अर्ज’ या दप्तरात केली जाई. पाळीची दुरुस्ती व तुडुमाची देखभाल यांची जबाबदारी मालगुजाराकडे असे. प्रत्यक्ष श्रम मात्र गावातील कुळांना व मजुरांना करावे लागत. पाणी मिळत असल्याने हे काम कुळे करीत, तरी त्यात वेठीचा अंश असे आणि पाण्याच्या पाळीत मालगुजाराच्या घरच्या जमिनीस अग्रक्रम मिळे. ही व्यवस्था विषमतेवर उभी होती, हे नाकारता येत नाही. तथापि बांध फुटला तर तो कोणी व केव्हा बांधावयाचा, या प्रश्नास तीमध्ये निश्चित उत्तर होते.

याच काळात मातीवरील ताणही वाढला. नागपूरहून छत्तीसगढकडे जाणारा लोहमार्ग १८८० च्या दशकात या भागातून गेला व गोंदिया हे बाजाराचे ठिकाण म्हणून वाढले. इमारती लाकडाची व जळणाची मागणी वाढली आणि चढावरच्या हलक्या जमिनी लागवडीखाली आल्या. वनविषयक कायद्यांमुळे राखीव जंगले शासनाच्या ताब्यात गेली. तलाव मालगुजाराकडे व बांधी कुळाकडे राहिली. एकाच उताराचे माथा, मध्य व पायथा असे तीन भाग तीन निरनिराळ्या सत्तांखाली आले. पुढील ऱ्हासाची एक बीजभूत कारणपरंपरा येथे आढळते.

दुष्काळ व शासकीय तलाव : १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. धानाचा प्रदेश भरवशाच्या पावसाचा आहे, हा समज त्यामुळे मागे पडला. सर कॉलिन स्कॉट-माँक्रीफ यांच्या अध्यक्षतेखालील सिंचन आयोगाने (१९०१–०३) दुष्काळनिवारक सिंचनकामांचा पुरस्कार केला आणि त्यानंतरच्या दोन दशकांत या प्रदेशात शासनाने अनेक मोठे तलाव बांधले. बोदलकसा (१९१७) व त्याच्या जवळचा चोरखमारा (१९२३) हे तिरोडा तालुक्यातील तलाव त्यांपैकी होत. बोदलकसा येथील मातीच्या धरणाची उंची सु. १९ मी. व लांबी सु. ५१० मी. आहे. जुन्या गावतलावांचेच तत्त्व येथे मोठ्या प्रमाणावर वापरलेले दिसते : डोंगररांगेच्या कुशीत मातीचा बांध, वर वनाच्छादित पाणलोट क्षेत्र व खाली कालव्याने भिजणारी धानशेती. फरक व्यवस्थापनाचा होता. गावतलावाची देखभाल गावातच होई, तर बोदलकसा तलावाची देखभाल सिंचन खात्याच्या अभियंत्यांकडे आली व पाण्यासाठी पाणीपट्टी आकारण्यात आली.

बोदलकसा तलावाचे पाणलोट क्षेत्र नागझिरा वनप्रदेशालगतच्या डोंगराळ भागात आहे. नागझिरा अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले व २०१३ मध्ये नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. माथ्यावरील वन हे तलावात येणारा गाळ रोखण्याचे सर्वांत स्वस्त व टिकाऊ साधन असल्याने, वनसंरक्षणाचा लाभ अशा तलावांना अप्रत्यक्षपणे मिळतो. उलटपक्षी उघड्या माळाखालच्या व चढावरील शेतांखालच्या गावतलावांना हे संरक्षण नाही. तलाव किती वर्षे टिकेल हे त्याच्या पाळीइतकेच त्याच्या माथ्यावरही अवलंबून असते, हे या तुलनेवरून ध्यानात येते.

दख्खनच्या पट्ट्यातील समांतर प्रयत्न : पूर्व विदर्भात शासन तलाव बांधीत असताना मुंबई इलाख्यात मृदा संधारणाला वेगळी दिशा मिळाली. सोलापूर, अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर), विजापूर या भागांत पाऊस ५०० ते ६०० मिमी.च्या आसपास व अत्यंत अनिश्चित असून तलाव भरण्याची शाश्वती नव्हती. म्हणून पाणी तलावाऐवजी प्रत्यक्ष शेताच्या मातीतच साठविण्याचा विचार पुढे आला. हॅरल्ड मान यांच्या कारकीर्दीत १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनास प्रारंभ झाला व १९३३ मध्ये सोलापूर व विजापूर येथे संशोधन केंद्रे निघाली. ना. वि. कानिटकर व त्यांचे सहकारी यांनी वाहून जाणारे पाणी व माती यांची मोजणी केली. त्यातून बांधबंदिस्ती, खोल नांगरट, शेणखत, पिकांतील वाढविलेले अंतर व वारंवार कोळपणी यांवर आधारलेली ‘मुंबई कोरडवाहू शेतीपद्धती’ सिद्ध झाली. मुंबई भूमिसुधार योजना अधिनियम (१९४२) संमत होऊन समपातळी बांधांची कामे हाती घेण्यात आली. १९७२-७३ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमी योजनेखाली (अधिनियम १९७७) ही कामे मोठ्या प्रमाणावर झाली.

या कामांतून दुष्काळग्रस्तांना रोजगार मिळाला, हे त्यांचे मोठे यश होय. परंतु भारी काळ्या जमिनीत समपातळी बांधांच्या वर पाणी तुंबून पिके पिवळी पडत. उन्हाळ्यात भेगाळलेले बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटत. पुष्कळ शेतकऱ्यांना बांध आपले न वाटता सरकारचे वाटत व ते नांगरटीत हळूहळू मोडले जात. पुढे अशा जमिनींसाठी ढाळीचे बांध सुचविण्यात आले आणि सुटी कामे करण्याऐवजी माथा ते पायथा अशी संपूर्ण पाणलोटाची आखणी करण्याचे धोरण १९८० च्या दशकात स्वीकारले गेले. राळेगणसिद्धी (१९७५ पासून) व हिवरे बाजार (१९९० पासून) येथे कामे टिकली, याचे प्रमुख कारण चराई, वृक्षतोड व पाणी-उपसा यांवर ग्रामसभेने स्वतः घातलेली बंधने हे होय. पूर्व विदर्भातील जुन्या तलावांनी जे वहिवाटीने साधले होते, ते येथे ग्रामसभेच्या ठरावाने साधावे लागले.

मालकी हक्कांचे निर्मूलन व त्याचे परिणाम : मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन अधिनियम (१९५०) ३१ मार्च १९५१ पासून अंमलात आला व मालगुजारी तलाव शासनाकडे आले. कुळांना जमिनीवर स्थिर हक्क मिळाले व वेठ संपली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हा बदल आवश्यक होता. परंतु साडेसहा हजारांहून अधिक तलावांची जबाबदारी एकाएकी शासनावर पडली व तिच्यासाठी पुरेशी यंत्रणा तयार नव्हती. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर १०० हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव त्यांच्याकडे व मोठे तलाव सिंचन खात्याकडे राहिले. पाणीपट्टीचा प्रश्न वादाचा ठरला. निस्तार-हक्काने पाणी मिळत आले असता त्यासाठी पैसे का द्यावेत, असा शेतकऱ्यांचा प्रश्न होता. पट्टी मिळत नसेल तर दुरुस्तीस निधी कोठून आणावा, असा प्रशासनाचा. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते व या वादात पाळ मात्र दुर्लक्षित राहिली.

ऱ्हासाचे स्वरूप : दरवर्षी गाळ उपसण्याची प्रथा क्षीण झाल्याने तलाव उथळ झाले. उथळ पाण्यात व काठावर बेशरमसारख्या वनस्पतींचे रान माजले. उघड्या पडलेल्या तलावक्षेत्रात अतिक्रमणे होऊन धानाच्या बांध्या निघाल्या. मूळ जलवनस्पती कमी झाल्याने माशांना अंडी घालण्यास व लपण्यास जागा उरली नाही व त्याचा फटका प्रथम धीवर कुटुंबांना बसला. शेतातही परिणाम झाला. गाळ व शेणखत यांची जागा रासायनिक खतांनी घेतली. त्यांनी तत्काळ उत्पादन वाढले, तरी त्यांमुळे हलक्या मातीची जलधारणशक्ती वाढत नाही. तलाव पुरेनासा झाला, तेव्हा पावसाच्या खंडात धान वाचविणे अवघड झाले.

हा प्रश्न केवळ या प्रदेशापुरता नाही. ध्रुवनारायण व रामबाबू यांनी १९८३ मध्ये केलेल्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी सु. ५३३ कोटी टन, म्हणजे हेक्टरी सरासरी १६ टनांहून थोडी अधिक माती स्थानभ्रष्ट होते. तीपैकी सु. २९ टक्के समुद्रात जाते, सु. १० टक्के जलाशयांत साचते व उरलेली एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या अहमदाबाद येथील केंद्राने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहात देशातील ९.६४ कोटी हेक्टर, म्हणजे सु. २९ टक्के क्षेत्र अवनत दाखविले आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सु. ४५ टक्के असून पाण्याने होणारी धूप हे त्याचे मुख्य कारण आहे. समुद्रात गेलेली माती परत मिळत नाही. तलावात साचलेली मिळू शकते. म्हणून जुन्या तलावांकडे जलसाठ्याप्रमाणेच मातीचा साठा म्हणूनही पाहणे इष्ट ठरते.

पुनरुज्जीवन : एकविसाव्या शतकात या तलावांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या राज्य शासनाच्या योजनेने (२०१७) तलावातील गाळ शेतात नेण्याच्या प्रथेला अधिकृत मान्यता मिळाली. गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने धीवर समाजाच्या, विशेषतः स्त्रियांच्या सहभागाने तलावांतील बेशरम काढणे, स्थानिक जलवनस्पतींची पुन्हा लागवड करणे व देशी जातींचे मासे वाढविणे ही कामे केली. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांचा सहभाग हा २००५ च्या अधिनियमाने आणि वनक्षेत्रातील निस्तार व मासेमारीचे सामूहिक हक्क हे २००६ च्या वनहक्क अधिनियमाने विधिमान्य झाले आहेत.

गाळ काढताना काही तांत्रिक पथ्ये पाळावी लागतात. यंत्राने मुरमापर्यंत खोदल्यास तळाचा चिकण थर फुटून पाणी पाझरून जाते. तुडुमाच्या तळपातळीखाली केलेल्या खोदाईत साठलेले पाणी केवळ उताराने शेतात जात नाही. ते गुरे, मासे व भूजल यांच्या उपयोगी पडते. पाळीच्या पायथ्याशी खोदल्यास पाळ खचण्याचा धोका संभवतो. सर्व गाळ सारखा नसतो. रेताड गाळाने शेताचा कस वाढत नाही, म्हणून पसरण्यापूर्वी त्याचे परीक्षण करणे हितावह असते. माथ्यावर समपातळी चर, गवत व वृक्ष यांचा बंदोबस्त न करता केवळ गाळ उपसल्यास तलाव पुन्हा भरून येतो.

मूल्यमापन : गोंड काळातील इनाम, मालगुजारी, शासकीय सिंचन खाते व जिल्हा परिषद अशा चार व्यवस्थांखाली हे तलाव राहिले. इनामाच्या पद्धतीत बांधणाऱ्याचा लाभ तलावाशी निगडित होता; मालगुजारीत जबाबदारी निश्चित होती, पण श्रम व लाभ यांची वाटणी अन्यायाची होती; त्यानंतरच्या व्यवस्थांत हक्क व्यापक झाले, पण जबाबदारी विखुरली गेली. दख्खनमधील बांधबंदिस्तीचा अनुभवही याहून निराळा नाही. मातीचा बांध कोणत्याही शास्त्राने घातला, तरी उंदीर-घुशींची बिळे, गुरांचे खूर व पहिला वळीव त्याची दरवर्षी परीक्षा घेतात. दरवर्षी त्याकडे पाहणारे कोणी असले, तरच तो टिकतो. ज्यांना पाणी, गाळ व मासे मिळतात, त्या शेतकऱ्यांना व धीवरांना तलावाच्या निर्णयात अधिकार आणि देखभालीत वाटा देणे, तसेच माथ्यावरील वनापासून पाळीखालच्या बांधीपर्यंत संपूर्ण उताराचा एकत्र विचार करणे, या दोन गोष्टींवर या प्रदेशातील मातीचे भवितव्य मुख्यतः अवलंबून आहे.